जुन्या पॉकेट वॉचसाठी आधी कुठलं पुस्तक घ्यावं?

तबकडी_आणि_काटे

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या काकांना जुन्या खिशातल्या घड्याळांचा नाद होता. ते गेले आणि काकूने त्यातली तीन माझ्या हातात दिली, तुलाच आवड होती तर तूच सांभाळ म्हणाली. तेव्हापासून मला ह्या घड्याळांनी अक्षरशः वेड लावलंय, रोज रात्री काढून बघते, पण नक्की काय आहे, कधीचं आहे हे काही केल्या कळत नाहीये.

म्हणून पुस्तक घ्यायचं ठरवलं आणि घाईत एक भलंमोठं रंगीत फोटोंचं पुस्तक मागवलं. पुस्तक सुंदर आहे, वाद नाही, पण सगळी ब्रेगे, पाटेक आणि राजेरजवाड्यांची रत्नजडित घड्याळं, माझ्या तिघांसारखं एकही त्यात नाही. आता दुसऱ्यांदा चूक करायची नाहीये.

माझ्याकडे असलेली अशी :

पहिलं जाडजूड, उघड्या तोंडाचं, मागचं झाकण फिरवून उघडतं, मशीनवर पी. एस. बार्टलेट आणि वॉल्थम, मास असं कोरलंय. दुसरं चावीचं, चांदीचं वाटतं, मशीनवर एक नाव आणि लिव्हरपूल, आत सायकलच्या चेनसारखी एकदम बारीक साखळी दिसते आणि केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बरेच छोटे छोटे छाप. तिसऱ्याच्या आतल्या झाकणावर रेमोंटॉयर, अँक्रे, १५ रुबिस आणि खाली चार पदकांची चित्रं. ही रेमोंटॉयर कंपनी मी दोन महिने शोधतेय, कुठेच धड माहिती नाही.

एक किंवा फार तर दोन पुस्तकं घेऊ शकते. कुठून सुरुवात करू?

भिंगवाला

ताई, काकांची घड्याळं योग्य हातात आली म्हणायची, तिन्ही तीन वेगळ्या देशांची आहेत आणि म्हणूनच एका पुस्तकात बसत नाहीयेत.

आधी रेमोंटॉयरचं सांगतो. ती कंपनी नाही. फ्रेंच शब्द आहे, रेमॉन्त्वार, म्हणजे वेगळी किल्ली न लागता वरची फिरकी फिरवून चावी देता येते असं घड्याळ. आंक्र म्हणजे त्यात लिव्हर एस्केपमेंट आहे (एस्केपमेंट म्हणजे स्प्रिंगचा जोर टिकटिक करत थोडा थोडा सोडणारा भाग), आणि रुबी म्हणजे ज्वेल, चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे, १५ ज्वेलचं. थोडक्यात झाकणावर बनवणाऱ्याचं नाव नाहीये, घड्याळाची वैशिष्ट्यं लिहिलीयेत. काही ठिकाणी आंक्रच्या जागी सिलिंद्र असतं, तो सिलिंडर एस्केपमेंट, साधारण हलक्या प्रतीच्या घड्याळात दिसतो. असे दहा बारा फ्रेंच शब्द समजले की निम्मी स्विस घड्याळं बोलायला लागतात.

बार्टलेटचीही तीच गोष्ट. पी. एस. बार्टलेट हा घड्याळ बनवणारा स्वतंत्र कारागीर नव्हे, वॉल्थम ह्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातला माणूस, त्याचं नाव कंपनीने आपल्या मशीनच्या एका ग्रेडला, म्हणजे प्रतीला, दिलं. एल्जिन ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं बी. डब्ल्यू. रेमंड तसंच, तो एल्जिन कंपनीचा पहिला अध्यक्ष, शिकागोचा महापौरही राहिलेला, १८६७ मध्ये कंपनीचं पहिलं घड्याळ त्याच्या नावाने निघालं. आता हे माहीत नसलं की माणूस कारागिरांच्या नावांचं जाडं पुस्तक घेतो, त्यात बार्टलेट शोधत बसतो आणि मिळत नाही म्हणून पुस्तकाला दोष देतो.

तर माझं म्हणणं एवढंच की पुस्तक निवडताना घड्याळावरचं नाव डोळ्यासमोर ठेवू नका, घड्याळाला तुम्ही नेमका कुठला प्रश्न विचारताय तो ठेवा. मशीन कुठलं हा एक प्रश्न, केस कुणाची आणि कधीची हा दुसरा, आणि नाव कुणाचं हा तिसरा. तिन्हीची पुस्तकं वेगळी.

अमेरिकन मशीनसाठी शुगार्ट, एंगल आणि गिल्बर्ट यांचं कम्प्लीट प्राइस गाइड टू वॉचेस घ्या. नावात प्राइस असलं तरी किमतीसाठी घेऊ नका. त्याचा खरा उपयोग म्हणजे कंपनीवार सिरीयल नंबरचे तक्ते आणि प्रत्येक मॉडेलच्या प्लेटची रेखाचित्रं, मशीन मागून कसं दिसतं ते. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, तुम्ही जुनी वापरलेली घ्या, काही बिघडत नाही, कारण किमती शिळ्या झाल्या तरी वॉल्थमने १८८० च्या सुमारास कुठला नंबर घातला तो काही बदलणार नाहीये. जुन्या प्रतीत आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर ते जपून वाचा, मला माझ्या प्रतीत अशाच टिपांमधून बरंच शिकायला मिळालं.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. नंबर मशीनवरचा घ्यायचा, केसवरचा नाही. अमेरिकेत त्या काळी मशीन एका कंपनीचं आणि केस दुसऱ्याच कंपनीची, कीस्टोन, ड्यूबर, क्रेसेंट, फाहिस वगैरे, आणि गिऱ्हाईक दुकानात दोन्ही वेगवेगळं निवडून जोडून घ्यायचं. केसचा नंबर तक्त्यात घातला की भलतंच साल येतं. दुसरं, तक्त्यातलं साल हे साधारण समजा, नंबर गठ्ठ्याने ठरायचे आणि मशीन कधीकधी वर्षानुवर्षं पडून राहायचं. तिसरं साइज. १८ साइज म्हणजे १८ मिलीमीटर नव्हे. अमेरिकन मापात शून्य साइज म्हणजे एक पूर्णांक पाच तीसांश इंच, आणि पुढे प्रत्येक साइजला एक तीसांश इंच वाढतं. म्हणून १६ साइज म्हणजे ४३.१८ मिमी आणि १८ म्हणजे ४४.८७ मिमी. हे माप मशीनच्या तबकडीकडच्या प्लेटचं असतं, केसचं नाही, पुष्कळ जण केसला पट्टी लावतात आणि घोळ होतो.

आणखी एक बघा, मशीन केसमध्ये पकडणाऱ्या स्क्रूंनी केसच्या कडेवर ओरखडे केलेले असतात. स्क्रूच्या जागेपासून दूर जुने ओरखडे दिसले तर त्या केसमध्ये आधी दुसरंच मशीन होतं समजायचं.

फ्यूजीची_साखळी

लिव्हरपूलवालं घड्याळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, माझा सगळा जीव इंग्लिश घड्याळांत आहे.

तुम्ही चेनसारखी साखळी म्हणता ती फ्यूजीची. शंकूसारख्या खाचांच्या गोलावर ती गुंडाळलेली असते, स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना जोर जास्त असतो आणि उतरत जाते तसा कमी होतो, तो फरक ह्या शंकूमुळे भरून निघतो आणि घड्याळाची चाल सारखी राहते. बाकीच्या देशांनी हे प्रकरण सोडून दिलं तरी इंग्लिश कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ह्याला धरून होते.

इंग्लिश घड्याळाची मजा अशी की केस चांदीची असेल तर साल तिथेच छापलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. आणि त्यासाठी मोठं महागडं पुस्तक नको, ब्रॅडबरीचं हॉलमार्कचं छोटं पुस्तक घ्या, खिशात मावतं. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. मग शहराचं चिन्ह, लंडनचं बिबळ्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. लिव्हरपूलच्या घड्याळांच्या केस पुष्कळदा चेस्टरला तपासल्या जायच्या, तेव्हा तुमच्यावर पेंढ्या आहेत का बघा. आणि मग एक अक्षर, ते सालाचं.

अक्षराच्या बाबतीत नवीन माणूस हमखास फसतो. लंडनमध्ये ए पासून यू पर्यंत, जे सोडून, वीस अक्षरांचं चक्र असायचं, म्हणजे तेच अक्षर वीस वर्षांनी परत. फरक असतो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या ढालीच्या आकारात. प्रत्येक शहराचं चक्र वेगळं, त्यामुळे आधी शहर ठरवायचं, मग अक्षर, उलटं केलंत तर वीस काय चाळीस वर्षांची चूक होते. चांगलं १० पट भिंग घ्या आणि छापावर सरळ प्रकाश न पाडता बाजूने तिरका पाडा, झिजलेलं अक्षरसुद्धा उठून दिसतं. आणि कृपा करून केसला पॉलिश मारू नका. चकाकी येते पण छाप जातो, आणि तो गेला की परत आणता येत नाही.

अजून एक, चांदीच्या भांड्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात १७८४ ते १८९० ह्या काळात राजाराणीचं डोकं छापलेलं असायला पाहिजे असं सांगतात, ते कर भरल्याचं चिन्ह होतं. घड्याळांच्या केसवरचा हा कर १७९८ मध्ये माफ झाला, म्हणून केसवर डोकं दिसलं नाही तर लगेच नकली समजून घाबरू नका. भांड्यांचं पुस्तक घड्याळाला लावताना हे लक्षात ठेवावं लागतं.

केसमधली दोन तीन आद्याक्षरं ही केस बनवणाऱ्याची असतात, घड्याळजीची नाही. त्यासाठी प्रीस्टली यांचं १७२० ते १९२० मधल्या इंग्लंडच्या केस बनवणाऱ्यांवरचं पुस्तक आहे, फार मेहनतीचं काम, पण ते तुम्ही पाच सहा इंग्लिश घड्याळं जमवलीत की घ्या, आत्ता नको.

आणि मशीनवरच्या नावासाठी बेलीचं वॉचमेकर्स अँड क्लॉकमेकर्स ऑफ द वर्ल्ड. बेलीने जुने लोक घेतले, पुढचे ब्रायन लूम्सने दुसऱ्या खंडात घेतले, आणि २००६ मध्ये दोन्ही एकत्र करून निघालं, घ्यायचंच तर तेच घ्या. पण अपेक्षा बेताची ठेवा हं, त्यात चित्रं नाहीत, एका माणसाला एक दोन ओळी, नाव, गाव, साल, संपलं. शिवाय नाव सापडलं म्हणजे त्यानेच बनवलं असंही नाही. लिव्हरपूलच्या आसपास आणि प्रेस्कॉटला कच्ची मशीनं तयार व्हायची, तिथून ती गावोगावच्या घड्याळजींकडे जायची, आणि नाव शेवटी विकणाऱ्याचं कोरलं जायचं. अठराव्या शतकात तर युरोपात बनलेल्या घड्याळांवर खोटं लंडन कोरून विकायचा धंदाच होता, ज्यांना डच फोर्जरी म्हणतात, त्यांची तबकडीवरची मिनिटांची रिंग सरळ गोल नसते, कमानी कमानीची असते, त्यावरून ओळखू येतात.

सेकंदकाटा

मला एक कळत नाही, एवढी पुस्तकं कशाला? वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टनचे नंबर नेटवर टाकले की मॉडेल, ग्रेड, किती बनली सगळं फुकट येतं. हॉलमार्कचे तक्तेसुद्धा आहेत. मी एकही पुस्तक न घेता चाळीस घड्याळं ओळखलीयेत.

भिंगवाला

@सेकंदकाटा, नंबर असलेल्या अमेरिकन घड्याळापुरतं तुमचं बरोबर आहे आणि मीही आधी तिथेच बघतो. पण नंबर टाकून उत्तर मिळालं की माणूस मशीनकडे बघायचं थांबतो. एकोणिसाव्या शतकात स्विस लोकांनी अमेरिकन कंपन्यांसारखी, एखाद दुसरं अक्षर बदललेली नावं कोरून किती घड्याळं खपवली! तिथे नंबरही असतो, नावही जवळजवळ तेच असतं, आणि ते घड्याळ अमेरिकन नसतं. पुस्तकातलं प्लेटचं चित्र शेजारी ठेवलं तर पाच सेकंदात कळतं.

दुसरं उदाहरण देतो. केसवर रेल्वेचं इंजिन आणि तबकडीवर रेग्युलेटर लिहिलेली घड्याळं, लोक रेल्वेचं म्हणून घेतात. खरं अमेरिकन रेल्वे घड्याळ म्हणजे वेगळीच जात. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर वेब बॉल ह्या जवाहिऱ्याला रेल्वेने घड्याळं तपासायच्या कामावर नेमलं आणि पुढे हळूहळू नियम कडक होत गेले. उघड्या तोंडाचं, १६ किंवा १८ साइज, कमीत कमी १७ ज्वेल, पाच पोझिशनला जुळवलेलं (उभं, आडवं कसंही धरलं तरी चाल सारखी राहावी म्हणून), आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चूक, आणि वेळ लावायला काच उघडून आतला छोटा लिव्हर ओढायचा, म्हणजे खिशातून काढताना चुकून काटे हलायला नकोत. हॅमिल्टनचं ९९२ हाती घेऊन बघा, २१ ज्वेल, आणि मग ते इंजिनवालं घ्या. हे सगळं एका जागी नीट वाचल्याशिवाय डोक्यात बसत नाही, निदान माझ्या तरी बसलं नव्हतं.

गंमत म्हणजे अमेरिकन पुस्तकाचा उपयोग सोव्हिएत घड्याळालाही होतो. ओहायोतल्या कँटनचा ड्यूबर हॅम्पडन कारखाना बुडाला, त्याची यंत्रं १९३० मध्ये मॉस्कोला गेली आणि तिथली सुरुवातीची पॉकेट वॉच त्याच नमुन्याची निघाली. माझ्या हातात एक आलं होतं, रशियन अक्षरं आणि मशीन बघितलं तर सरळ हॅम्पडन!

घड्याळजी_दुसऱ्या_पिढीचा

मी दुरुस्तीच्या बाजूने सांगतो. वडिलांच्या हाताखाली शिकलो, त्यांच्याकडे पुस्तकं मोजकी पण सगळी वापरून मऊ झालेली.

पुस्तकाआधी घड्याळ उघडायला शिका, नाहीतर पुस्तकात काय शोधणार. वॉल्थमचं झाकण फिरवून उघडतं म्हणता, ते हाताच्या तळव्यात रबराचा तुकडा धरून फिरवा, चाकू लावू नका, चाकूने घसरून बॅलन्सचा दांडा मोडलेली घड्याळं माझ्याकडे नेहमी येतात. इंग्लिश चावीवाल्याचं मशीन पुष्कळदा पुढच्या बाजूने उघडतं, आधी काचेची कड उचलायची, मग सहाच्या आकड्याजवळ छोटी कळ असते, ती नखाने दाबली की मशीन बिजागरीवर बाहेर येतं. जोर लावावा लागला तर थांबा.

स्विसबद्दल. तिथे सिरीयल नंबरचा फारसा उपयोग नाही, कंपनीचं नाव माहीत असेल आणि तिच्याकडे जुन्या वह्या असतील तरच, लाँजीनसारख्यांकडे आहेत. बिननावाच्या स्विस मशीनमध्ये मूळ कच्चं मशीन कुणाचं ते शोधायचं असतं, आणि ते तबकडीखाली दिसतं, चावी आणि काटे लावायच्या भागावरची जी चपटी सेटिंग स्प्रिंग असते तिच्या आकारावरून. बेस्टफिटच्या जुन्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये असे आकार छापलेत, ते कारागिरांसाठी बनलेलं पुस्तक, त्यात हातघड्याळं जास्त, पण आमचं काम त्यावरच चालतं. तबकडी मात्र तुम्ही स्वतः काढू नका, जुनी तबकडी तांब्याच्या पत्र्यावर भाजलेल्या मिन्याची असते, थोडी वाकली तरी केसासारखा तडा जातो.

नावाची स्विस घड्याळं जमवायची असतील तर कॅथलीन प्रिचर्ड यांचे स्विस टाइमपीस मेकर्सचे दोन खंड, १७७५ ते १९७५, त्यात कंपन्यांची नावं, खुणा आणि कोण कुणात विलीन झालं ते आहे.

क्लटन आणि डॅनियल्सचं वॉचेस बद्दल कुणी सांगेल म्हणून आधीच सांगतो, ते वाचाच, पण ओळखायला म्हणून नाही. जॉर्ज डॅनियल्स स्वतः अख्खं घड्याळ हाताने बनवणारा माणूस, पुढे को-अॅक्सिअल एस्केपमेंट त्यानेच शोधला. एस्केपमेंट कसे बदलत गेले, व्हर्ज, सिलिंडर, मग थॉमस मज ह्या इंग्लिश घड्याळजीने १७५० च्या दशकात लिव्हर आणला, हे त्या पुस्तकातून असं उलगडतं की नंतर कुठलंही मशीन नुसतं बघून काळाचा अंदाज यायला लागतो.

तबकडी_आणि_काटे

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल अर्धी रात्र भिंग घेऊन बसले होते.

फ्यूजीची_साखळी ताई, गव्हाच्या पेंढ्या आहेत! मी आधी ती झाडं समजत होते. मधे तलवार आहे, शेजारी सिंह आहे, आणि एक अक्षर आहे पण ढालीची खालची कड झिजलीय, तिरका प्रकाश टाकून फोटो काढते. दोन्ही झाकणांत तेच अक्षर आहे म्हणजे झाकणं मूळचीच ना?

वॉल्थमचं झाकण रबराने सहज उघडलं. मशीन १८ साइजचं भरलं, केसवर वेगळाच नंबर आणि फाहिसचं नाव, आणि हो, कडेवर दोन जुने ओरखडे आहेत स्क्रूपासून लांब. म्हणजे केस नंतरची. थोडं वाईट वाटलं, मग वाटलं काकांनीच कुठूनतरी जोडून घेतली असेल, त्यांना खिशात रोज वापरायचं होतं.

तिसऱ्याच्या केसमध्ये ०.८०० आणि कोंबड्यासारखा एक पक्षी आहे. तबकडीवर खाली अगदी बारीक स्विस मेड.

तर शुगार्टची जुनी आवृत्ती आणि ब्रॅडबरी, हे दोन घेतेय. बाकी वाचनालयातून मिळालं तर बघेन.

फ्यूजीची_साखळी

दोन्ही झाकणांत तेच अक्षर, तीच आद्याक्षरं असतील तर हो, मूळचीच, फार छान. तुमच्या पेंढ्या वाचून मला माझं पहिलं चेस्टर आठवलं. अक्षराचा फोटो टाका, ढालीचा वरचा भाग स्पष्ट असला तरी पुरतं.

घड्याळजी_दुसऱ्या_पिढीचा

तो कोंबडा नाही, कॅपरकेली म्हणून रानपक्षी आहे, स्वित्झर्लंडचं ०.८००, म्हणजे ८० टक्के शुद्ध चांदीचं चिन्ह, १८८० च्या कायद्यानंतर आलं. ०.८७५ ला अस्वल असतं. आणि स्विस मेड लिहिलंय तर घड्याळ बहुतेक १८९० नंतरचं, कारण अमेरिकेने तेव्हा जकातीचा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यानंतर ते शब्द तबकड्यांवर दिसायला लागले.

पदकांचं तुम्ही पुढे विचारलं नाहीत पण ती नीट बघा, प्रदर्शनात मिळालेल्या बक्षिसांची असतात ती, पुष्कळदा साल कोरलेलं असतं. सगळ्यात अलीकडचं साल जे असेल त्याच्या आधी हे झाकण बनलेलं असूच शकत नाही. खरी पदकं कंपनीच्या नावासकट असतात, बिननावाच्या घड्याळावर शोभेपुरतीही घालायचे, म्हणून सालावरून अंदाज घ्या, पदकावरून दर्जा ठरवू नका.

तबकडी_आणि_काटे

आत्ता बघितलं. तीन पदकांवर नुसतेच चेहरे आहेत, चौथ्यावर १९०० आणि पॅरिस वाचता येतंय.